वाघ दारात, सिनेमा घरात

‘शेरनी’ हा विद्या बालनचा सिनेमा 18 जून 2021 रोजी थेट प्राइम व्हिडिओवर आला. कोरोनानं थेटरांना कुलपं लावली होती, त्यामुळे ज्यानं पाहिला त्यानं तो घरीच पाहिला. मुंबई-पुण्यात त्यावर बरंच लिहून आलं. विद्या बालनचा संयत अभिनय, दिग्दर्शक अमित मसुरकरची धीमी चाल, पुरुषांच्या खात्यात एका बाई अधिकाऱ्याची होणारी कोंडी, असे मुद्दे होते. चंद्रपुरात माझ्या ओळखीच्या लोकांत मात्र पहिला वाद झाला तो वाघिणीच्या नंबरावरून. सिनेमातली वाघीण टी-12. आणि टी-12 तर आमची माया!

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. माया ही ताडोब्याच्या पांढरपौनी भागातली वाघीण, सरकारी नोंदीत टी-12. पर्यटकांच्या जिप्सींना न बुजणारी, पिलांना घेऊन रस्त्यावरून चालत जाणारी, भारतात सर्वांत जास्त फोटो निघालेल्या वाघिणींपैकी एक. ऑगस्ट 2023 नंतर ती कुणाला दिसली नाही. पण 2021 मध्ये ती जिवंत होती, जोरात होती, आणि तिचा नंबर लावलेली वाघीण पडद्यावर नरभक्षक ठरवली जात होती. सिनेमावाल्यांनी हा आकडा सहज घेतला असेल. इथं तो सहज घेतला गेला नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत घरी बसून सिनेमा पाहणारा माणूस इतर चार गावांतल्या प्रेक्षकांसारखाच असतो. त्याला शाहरुख आवडतो, मारामारी आवडते, गाणं आलं की तो चहा टाकायला उठतो. पण पडद्यावर जंगल आलं, वाघ आला, गोंड आला, नक्षली आला, मतदानाची पेटी आली की त्याची बसण्याची पद्धत बदलते. तो तपासायला बसतो. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत हिंदी-तेलुगू सिनेमाला जंगलाचं इतकं वेड लागलं आहे की या तपासनीसाला उसंत नाही. त्याचे शेरे कुठं छापून येत नाहीत. ते ओसरीवर, पानठेल्यावर आणि व्हॉट्सअॅपच्या आवाजी मेसेजमध्ये विरून जातात. माझ्या मते सिनेमाबद्दलचं या भागातलं सर्वांत कामाचं बोलणं तेच आहे.

‘शेरनी’चंच घ्या. सिनेमात कुठं म्हटलेलं नाही, पण गोष्टीचा धागा ओळखू येतो. वर्धा नदीपलीकडे आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात टी-1 नावाची वाघीण होती. वर्तमानपत्रांनी आणि प्राणिप्रेमींनी तिला ‘अवनी’ केलं. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती गोळी घालून मारली गेली, आणि ती कशी मारली, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, यावरून देशभर रान पेटलं. सिनेमात खासगी शिकारी आहे, गावात सभा घेणारे पुढारी आहेत, साहेबांपुढे मान डोलावणारे साहेब आहेत. चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या जंगलात झालं. बालाघाट गोंदियाला लागून आहे, झाडं तीच, माती तीच. त्यामुळे जंगल कुणाला परकं वाटलं नाही.

आमचे एक मामाजी वनखात्यातून निवृत्त झाले आहेत. जुनी माणसं अजून त्यांना नाकेदारच म्हणतात. त्यांच्याबरोबर हा सिनेमा पाहणं म्हणजे रिमोट त्यांच्या ताब्यात देणं. वाघिणीनं माणूस मारल्यावर गाव गोळा होतं तो प्रसंग आला.

“थांबव गा. मागं घे थोडं.”

मागं घेतलं.

“हे बराबर आहे. गर्दी अशीच होते. गार्डाला अशीच शिवी देतात.” थोडा वेळ गेला. “पण पंचनामा कुठं गेला? कागद कोन करन?”

या एका प्रश्नात कोणत्याही परीक्षणापेक्षा जास्त माहिती आहे. वाघानं माणूस मारला की या भागात जे सुरू होतं त्याचा अर्धा भाग कागदाचा असतो. वनरक्षक, पोलीस, पंच गोळा होतात. घटना कोणत्या कक्ष क्रमांकात झाली हे लिहायचं, कारण जंगल सरकारी खात्याचं, वनविकास महामंडळाचं की गावाचं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. मृतदेह उत्तरीय तपासणीला जातो. तातडीची मदत तिथंच हातात दिली जाते. मग नुकसानभरपाईची फाइल. महाराष्ट्रात आज ती 25 लाख रुपये आहे; काही रक्कम लगेच मिळते, बाकीची वारसांच्या नावानं मुदत ठेवीत जाते. वारस कोण, बायको की आई, खातं कोणत्या बँकेत, आधारवर नाव काय, यात महिने जातात. सिनेमाला यातलं काही दाखवायचं नव्हतं, आणि दोन तासांत ते बसलंही नसतं. पण इथला प्रेक्षक तेच शोधतो, कारण त्याच्या शेजारच्या घरात ती फाइल फिरून गेलेली असते.

काही गोष्टी मसुरकरनं अचूक पकडल्या, हेही मामाजींनी कबूल केलं. कॅमेरा ट्रॅपचं काम त्यातलं एक. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात, कारण वाघाच्या उजव्या कुशीवरचे पट्टे डाव्या कुशीसारखे नसतात आणि एकाच बाजूचा फोटो असला तर दोन वाघांचा हिशेब एक किंवा एकाचा दोन होऊ शकतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. त्यावरूनच नंबर पडतात, त्यावरूनच ‘हाच तो’ असं ठरतं. आणि ते ठरेपर्यंत गाव थांबायला तयार नसतं. राजुरा तालुक्यात आरटी-1 हा वाघ ऑक्टोबर 2020 मध्ये पिंजऱ्यात आला, वडसा भागातला सीटी-1 ऑक्टोबर 2022 मध्ये बेशुद्ध करून धरला. दोन्ही वेळा ‘लवकर का धरत नाही’ या प्रश्नाचं एक उत्तर ‘आधी ओळख पटू द्या’ हेच होतं. गावकऱ्याला ते पटत नाही. वनरक्षकाला पटतं, पण तो गावकऱ्याला ते सांगू शकत नाही. सिनेमात हा पेच दिसतो.

दुसरी अचूक गोष्ट खाणीची. सिनेमात वाघिणीला जंगलाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं आहे आणि मध्ये तांब्याच्या खाणीचा खड्डा आहे. चंद्रपूरकराला इथं कुणी समजावून द्यायची गरज नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सुमारे 1,727 चौरस किलोमीटरचा. त्याच्या दक्षिणेला दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळशाच्या उघड्या खाणी, आणि खाणींना लागून महाऔष्णिक वीज केंद्र. या केंद्राच्या आवारातल्या झुडपांत वाघ राहतात. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या एका कामगाराला कामावरून परतताना वाघानं मारलं. सिनेमा येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठवड्यात चंद्रपुरात ‘शेरनी’ पुन्हा कितीतरी मोबाइलांवर लागला.

आणि एक आक्षेप मी बायकांकडून ऐकला. सिनेमातल्या बायका जंगलात सरपणाला जातात, गुरांमागे जातात, ते ठीक. पण आमच्याकडे सर्वांत धोक्याचे महिने एप्रिल-मे. मोहफूल वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटेच निघावं लागतं, कारण ऊन चढलं की पान तोडवत नाही आणि संध्याकाळपर्यंत पुडके बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे असतात. मोह वेचणारी बाई तासन्‌तास वाकलेली असते. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, चौपायासारखा दिसतो. वनखातं हे दरवर्षी सांगतं, चार जणांनी मिळून जा म्हणून सांगतं. पण मोह वेचताना चार जणी एका झाडाखाली थांबल्या तर टोपली कुणाची भरायची? हा सवाल कोणत्याही सिनेमात आलेला मला आठवत नाही.

हे सगळं घरी बोललं जातं हे महत्त्वाचं. थेटरात ‘थांबव, मागं घे’ म्हणता येत नाही. शिवाय या दोन जिल्ह्यांत थेटर ही शहराची आणि तालुक्याच्या गावाची चैन. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण गाठायलाच अर्धा दिवस लागतो, तो सिनेमासाठी कशाला जाईल? इथं सिनेमा नेहमीच माणसाकडे चालत आला. ऐंशीच्या दशकात तो व्हीसीआरच्या खोक्यातून आला. गणपतीत, शारदोत्सवात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर भाड्यानं आणायचे, चावडीपुढे मांडायचे, रात्रभरात तीन पिक्चर. पहिला देवाधर्माचा, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा मारामारीचा. तिसरा कोणता लागायचा ते पोरांना झोपवल्यावर ठरायचं. मग दूरदर्शन, केबल, सीडी. मग मोबाइलचं दुकान, जिथं मेमरी कार्ड दिलं की दुकानदार त्यात ‘डाउनलोडिंग’ भरून द्यायचा. चोरीचा माल होता, पण आख्ख्या पिढीची चित्रपटदृष्टी त्या कार्डांवर पोसली हे नाकारण्यात अर्थ नाही. 2016 नंतर स्वस्त डेटा आला तरी कार्ड गेलं नाही. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुरात रस्ता आणि रेंज दोन्ही जायचे, तेव्हा कामाला यायचं ते कार्डच.

या प्रेक्षकाला मत द्यायची सवय मात्र सिनेमानं लावलेली नाही. ती झाडीपट्टीच्या नाटकानं लावली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्याचं केंद्र. तिथं नाटक कंपन्यांची कार्यालयं रांगेनं आहेत आणि गावोगावचे लोक तिथं येऊन नाटक ठरवतात. ज्या गावात दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, किंवा मंडईची जत्रा असते त्या गावात रात्री नाटक. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत चालतो. संगीत जिवंत असतं, प्रेक्षक मांडवात जमिनीवर बसतात, तिकीट काढून बसतात. आणि तिकीट काढलेलं असल्यामुळे बोलतात. नट रडवताना जास्त झाला तर मागून आवाज येतो. गाणं आवडलं तर पुन्हा म्हणायला लावतात. गावात पाहुणे आलेले असतात ते नाटकासाठीच, म्हणून सकाळी चहाबरोबर प्रत्येक घरात निकाल लागतो: खलनायक चांगला, हिरोईन कच्ची, तिसरा अंक लांबला. 2023 मध्ये याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला या नाटकाचा पत्ता लागला. ज्या प्रेक्षकानं पिढ्यान्‌पिढ्या रात्र जागून नट तपासले, तो घरच्या टीव्हीपुढे गप्प बसेल हे शक्य नाही.

मसुरकरचाच आधीचा सिनेमा ‘न्यूटन’. 22 सप्टेंबर 2017 रोजी थेटरात आला, भारतातर्फे ऑस्करला गेला. छत्तीसगडच्या जंगलातल्या एका मतदान केंद्राची गोष्ट, मतदार 76. केंद्राध्यक्ष झालेला राजकुमार राव नियमाला चिकटून राहतो, सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्याला, पंकज त्रिपाठीला, हे सगळं लवकर आटोपायचं असतं. चित्रीकरण दल्ली-राजहरा भागात झालं. गावच्या शाळेत शिकवणारी, गोंडी बोलणारी माल्को झाली आहे नाशिकची अंजली पाटील. गडचिरोलीत हा सिनेमा सर्वांत बारकाईनं कुणी पाहिला असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी, कारण ते सगळे कधी ना कधी न्यूटन झालेले असतात. निवडणूक लागली की आदेश येतो. प्रशिक्षण, साहित्यवाटप, मग बेस कॅम्प. दुर्गम केंद्रावर हेलिकॉप्टरनं सोडतात, पुढे पायी. गडचिरोली, आरमोरी, अहेरी या विधानसभा मतदारसंघांत मतदान सकाळी 7 ते दुपारी 3 एवढंच असतं, अंधार पडायच्या आत पथकं परतावीत म्हणून. इतर महाराष्ट्रात संध्याकाळी रांग लागलेली असताना इथं यंत्रं सीलबंद होऊन परतीच्या वाटेवर असतात.

शिक्षक मंडळींना सिनेमा आवडतो. शाळेची रिकामी खोली झाडून केंद्र मांडणं, सुरक्षा दलाच्या सूचना, जेवणाची पंचाईत, बरोबरच्या कर्मचाऱ्याचं ‘मला काय त्याचं’, सगळं ओळखीचं. पण एक गोष्ट इथल्या माणसाला बोचते. सिनेमातले गावकरी मतदान म्हणजे काय हे न कळलेले, हाकून आणलेले, यंत्राकडे बघत राहिलेले. दंडकारण्यातल्या एखाद्या गावात तसं असेलही. गडचिरोलीचा अनुभव मात्र वेगळा आहे आणि तो आकड्यात मांडता येतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातलं सर्वाधिक मतदान कुठं झालं? पुण्यात नाही, मुंबईत तर नाहीच. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात, जवळपास 72 टक्के. राज्याची सरासरी त्याहून दहाएक टक्क्यांनी खाली. नक्षलींची बहिष्काराची पत्रकं, दूरचं केंद्र, एप्रिलचं ऊन आणि तीनची मुदत, एवढं असून. तेव्हा ‘न्यूटन’ पाहून आदिवासी मतदाराची कीव करणाऱ्या शहरी मित्राला हा आकडा जरूर कळवावा.

दक्षिणेकडे गेलं की सिनेमाची भाषाच बदलते. सिरोंचा, अहेरीचा काही भाग, राजुरा, जिवती इथं घराघरांत तेलुगू बोललं जातं, पलीकडच्या तीरावर तेलंगण आहे. या पट्ट्यात तेलुगू सिनेमा हिंदीत डब होऊन येण्याची वाट कुणी पाहत नाही. उत्तरेकडच्या भागात तोच सिनेमा हिंदी आवाजात पाहिला जातो. ‘पुष्पा’चा हिंदी आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा, हे पोरं कौतुकानं सांगतात. डिसेंबर 2021 मध्ये थेटरात आणि लगेच जानेवारीत घरी आलेला हा सिनेमा रक्तचंदनाच्या तस्करीचा. रक्तचंदन आंध्रच्या शेषाचलम डोंगरांतलं, आमच्याकडे ते नाही. आमच्याकडे आहे सागवान, आलापल्लीचं, नावाजलेलं, आणि त्याची चोरीही नावाजलेली. प्राणहिता-गोदावरीतून लाकूड पलीकडे नेणं हे इथं बातमीतलं रोजचं आहे.

म्हणून ‘पुष्पा’तला नदीचा प्रसंग इथं हसण्याचा विषय झाला. पोलिसांची धाड पडते, पुष्पा ओंडके नदीत लोटतो आणि खालच्या धरणाची दारं बंद करायला लावून ते अडवतो. युक्ती झकास. पण लाकडाची माहिती असलेला माणूस विचारतो, रक्तचंदन तरंगलं कसं? त्याची घनता पाण्याहून जास्त, ओंडका टाकला की तळ गाठणार. सागवान तरंगतं, पण तेही वाळलेलं. नुकतं तोडलेलं ओलं सागवान इतकं जड असतं की त्याचाही भरवसा नाही. ब्रह्मदेशात इंग्रजांच्या काळी सागाच्या खोडाभोवती खाच पाडून झाड उभ्यानंच वाळवत, दोन-तीन वर्षांनी तोडत आणि मग नदीत सोडत, ते याचसाठी. आमच्याकडे चोरटे वाळके लठ्ठे एकत्र बांधून तराफा करतात. ‘पुष्पा’च्या लेखकाला हे माहीत नव्हतं की माहीत असून त्यानं सोडून दिलं, देव जाणे. सिनेमा म्हणून प्रसंग रंगतो, त्याबद्दल वाद नाही. इथला माणूस टाळी वाजवतो आणि मग शेरा मारतो, दोन्ही एकाच दमात.

‘आरआरआर’बद्दलचा शेरा मात्र हसण्यावारी नेता येत नाही. एस. एस. राजामौलींचा हा सिनेमा 25 मार्च 2022 रोजी आला, मे महिन्यात घरोघर पोचला. त्यातला एक नायक कोमाराम भीम. खरा कोमाराम भीम गोंड. त्याचं गाव आसिफाबादजवळचं संकेपल्ली, आमच्या राजुरा-जिवतीच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर म्हणावं असं. तो लढला निजामाशी, त्याच्या जंगल अधिकाऱ्यांशी, करांशी. 1940 मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. राजुरा तालुकासुद्धा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे तो इतिहास इथल्या गोंडांना शेजारचा नाही, घरचाच. सिनेमात भीम दिल्लीला जातो आणि इंग्रजांशी लढतो, आणि अल्लुरी सीताराम राजू त्याचा जिवलग होतो. हे दोघं प्रत्यक्षात कधी भेटले नाहीत. राजू 1924 मध्येच मारला गेला. ही कल्पना आहे असं राजामौलींनी आधीच सांगितलं होतं, तेव्हा तिथं भांडण्यात मजा नाही. टीझरमध्ये भीमाच्या डोक्यावर जाळीची टोपी दाखवली म्हणून 2020 मध्ये आदिलाबादचे तेव्हाचे खासदार सोयम बापू राव यांनी विरोध केला होता, तेही पुढे शमलं.

खरा मुद्दा सिनेमाच्या अगदी शेवटी आहे. लढाई संपते. राजू भीमाला विचारतो, तुला काय हवं? भीम म्हणतो, मला शिकव. मग राजू झेंड्यावर ‘जल, जंगल, जमीन’ लिहून देतो. ही घोषणा भीमाच्या लढ्याची म्हणून ओळखली जाते. ती त्याला दुसऱ्या कुणी लिहून दिली असं दाखवणं आणि त्याला पाटी घेऊन बसवणं, हे कितीतरी आदिवासी तरुणांना लागलं. चंद्रपूरकराला आणखी एक कारण आहे. भीमाच्या चरित्रांत असं सांगितलं जातं की गाव सोडून पळाल्यावर तो चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आला, इथं विठोबा नावाच्या छापखानेवाल्यानं त्याला आसरा दिला, आणि त्या छापखान्यात काम करता करता तो लिहा-वाचायला शिकला. म्हणजे अक्षरओळख त्यानं चांद्याच्या खिळ्यांवर स्वतः कमावली. एवढ्या मोठ्या त्या सिनेमात चांद्याच्या छापखान्याला एक मिनिट मिळालं असतं तर काय बिघडलं असतं? भीमावर तेलुगूत अल्लाणी श्रीधर यांनी 1990 मध्येच ‘कोमाराम भीम’ नावाचा सिनेमा केला होता. त्यात वाघ-सिंह उडत नाहीत, म्हणून तो कुणी पाहत नाही.

मराठी सिनेमाकडे वळावं तर मोजायला एका हाताची बोटं पुरतात. 2002 चा गगनविहारी बोराटे यांचा ‘लाल सलाम’ हिंदीच; त्यात नंदिता दास होती आणि नक्षल चळवळीकडे वळणारी आदिवासी मुलगी होती. मराठीत 2014 मध्ये समृद्धी पोरे यांनी ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रियल हीरो’ केला. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी. हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प 23 डिसेंबर 1973 रोजी सुरू झाला, आणि तिथली पहिली वर्षं किती कठीण होती ते या सिनेमामुळे उर्वरित महाराष्ट्राला दिसलं. आमच्याकडे तो घरोघर पाहिला गेला, आदरानं पाहिला गेला. पण सिनेमाची नजर डॉक्टरांवर आहे. माडिया आदिवासी माणूस त्यात येतो तो दुखणं घेऊन येतो आणि बरा होऊन जातो. माडिया घरात संध्याकाळी काय बोलतात, पंचायत कशी बसते, पोरी घोटुलाबद्दल, म्हणजे तरुण मुलामुलींच्या एकत्र जमण्याच्या घराबद्दल, आज काय म्हणतात, हे अजून कुणी पडद्यावर आणलेलं नाही.

नाटकवाल्यांवर मात्र एक सिनेमा झाला, तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’, 2022 सालचा. तो सादर केला अमित मसुरकरनं, म्हणजे या लेखात तिसऱ्या सिनेमाशी त्याचं नाव जोडलं गेलं, आणि ते योग्यच आहे. झाडीपट्टीच्या रंगभूमीवरची माणसं, त्यांचे हेवेदावे, कंपन्यांची चढाओढ, सगळं त्यात इथल्या बोलीत आहे. मराठी सिनेमात विदर्भाची बोली फार करून विनोदापुरती येते. या सिनेमात ती रडते, भांडते, हिशेब करते. थेटरात तो फार चालला नाही. वडशाच्या नाटकवाल्यांत त्यावर जे वाद झाले ते असे की असल्या चर्चेसाठी पुण्यात शुल्क आकारतात: अमुक पात्र अमक्यावर बेतलंय, मेकअप असा कुणी करत नाही, गाणं खरं, भांडण खोटं.

शेवटी अजून न झालेल्या एका सिनेमाबद्दल. वीर बाबूराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिलं. अहेरीकडचा हा तरुण गोंड जमीनदार, त्यानं इंग्रजांशी उघड लढाई केली. त्याच्यावर कुणा मोठ्या दिग्दर्शकानं अजून सिनेमा काढलेला नाही. कधी काळी कुणी काढलाच तर एक विनंती आहे: पटकथा आधी इथल्या चार माणसांना वाचून दाखवा. एक निवृत्त नाकेदार, एक शिक्षक, एक तेंदू तोडणारी बाई आणि झाडीपट्टीचा एक नट. चहापाण्याच्या खर्चात काम होईल, आणि ओंडके बुडायचे तिथं बुडतील.

वाचकहो, ‘झॉलीवूड’ पाहिला नसेल तर तो आधी पाहा. आणि जमल्यास थंडीत वडशाकडे एक चक्कर टाका. नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि बसायला जमीनच असते, तेव्हा सतरंजी आणि अंगावर घ्यायला काहीतरी सोबत आणा.